पासपोर्टच्या पानावर आंदोलनाचा गुन्हा

पासपोर्ट हा विमानाने फिरणाऱ्या पैसेवाल्यांचा विषय आहे, आपला नाही, असा एक समज आपल्या समाजात अजूनही आहे. हा समज कधीच खोटा ठरला आहे. विदर्भ-मराठवाड्यातील किती तरी बौद्ध वस्त्यांत आज एखाद-दुसऱ्या घरचा मुलगा दुबई, कतार, कुवेत, सौदीला वेल्डर, फिटर, चालक, गवंडी म्हणून राबतो आहे. दुसरीकडे शिष्यवृत्तीवर लंडनला, अमेरिकेला शिकणारी आपली मुले-मुली आहेत. या सर्वांच्या खिशात किंवा मालकाच्या कपाटात एक निळे पुस्तक आहे आणि त्या पुस्तकाला मुदत आहे. अठरा वर्षांवरील माणसाला ते साधारणतः दहा वर्षांसाठी मिळते. दहा वर्षे कशी निघून जातात ते कळत नाही. आणि मुदत परक्या मुलुखात संपत आली म्हणजे गावाकडे विसरून गेलेल्या साऱ्या गोष्टी एकदम जाग्या होतात.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण वाचकांपुढे ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते. पक्षकाराचे नाव, गाव आम्ही देणार नाही. ते कोणाचेही असू शकते.

२०२४ सालचा वर्षावास नुकताच सुरू झाला होता. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून एक माय आमच्या कार्यालयात आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रे. 'जय भीम वकीलसाहेब' म्हणून ती खुर्चीवर न बसता दाराशीच उभी राहिली. बसा म्हटल्यावर बसली. मग म्हणाली, "लेकराचं पासपोट आडकलंय म्हणत्यात साहेब. गुन्हा हाय म्हणं त्याच्यावर. आता बंदचा गुन्हा तर सरकारनं माघारी घेतला नव्हं का? पेपरात आलं व्हतं की."

पेपरात आले होते हे खरे. तो सगळा घोळ समजून घ्यायचा तर जानेवारी २०१८ पर्यंत मागे जावे लागते.

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला विजयस्तंभास अभिवादन करायला गेलेल्या आपल्या बांधवांवर काय गुजरले ते आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. ३ जानेवारीला ॲड. प्रकाश आंबेडकर यांच्या हाकेने महाराष्ट्र बंद झाला. गावोगावची पोरे रस्त्यावर उतरली. या मायच्या मुलाचे वय तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. तालुक्याच्या चौकात दीड-दोनशे लोक बसले, घोषणा झाल्या, दुपारी उठले. संध्याकाळी पोलिसांनी अकरा जणांची नावे लिहिली आणि 'इतर शंभर ते दीडशे' असे खाली टाकले. अकरात हा होता. बेकायदेशीर जमाव, दंगा, रस्ता अडवणे, म्हणजे भारतीय दंड संहितेची कलमे १४३, १४७, ३४१ आणि सोबतीला महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १३५. सगळी जामीनपात्र कलमे. चळवळीतील एका वकील मित्राने एक पैसा न घेता सर्वांना जामिनावर सोडवून आणले. त्याच वर्षी दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झाले आणि खटला तारखांच्या बासनात जाऊन बसला.

मुलाकडे २०१४ साली काढलेला पासपोर्ट होता. २०१९ मध्ये तो एका एजंटामार्फत आखातात गेला. वेल्डिंगचे काम. पहिल्या दीड वर्षाचा पगार एजंटाचे कर्ज फेडण्यात गेला, पुढे घरावर स्लॅब पडला, बहिणीचे मंगल परिणय झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधिमंडळात सांगितले की भीमा कोरेगाव प्रकरणानंतरच्या ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले आहेत. बातमी गावात पोहोचली, गावातून मोबाइलवर आखातात पोहोचली. पोराने सुटकेचा श्वास सोडला. आपला गुन्हा ३४८ मध्ये आहे की उरलेल्यांत, हे ना त्याने विचारले, ना त्याला कोणी सांगितले.

पासपोर्टची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपणार होती. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्या पुस्तिकेसाठी अर्ज करता येतो. पण याचे पुस्तक त्याच्याजवळ होतेच कुठे? ते कंपनीच्या कचेरीत. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचे कलम १७ म्हणते की पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तो ना आपला, ना मालकाचा. तरीही आखातातील मालक, ज्याला तिकडे कफील म्हणतात, कामगार उतरला की पहिले काम करतो ते पासपोर्ट काढून घेण्याचे. आपल्याकडे सालगड्याच्या नावावरचा कागद मालकाच्या तिजोरीत असायचा, तसाच हा प्रकार! फोरमनच्या मागे लागून लागून पुस्तक हाती पडले तेव्हा मुदतीला जेमतेम पाच महिने उरले होते. शुक्रवारच्या सुट्टीत तो बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात गेला. दुकानदार इंग्रजीत फटाफट भरत गेला. 'आपल्याविरुद्ध फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित आहे काय?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले गेले. तो म्हणतो, त्याला विचारलेच नाही. आम्हाला वाटते विचारले असते तरी त्याने 'नाही'च सांगितले असते, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे गुन्हा सरकारने मागे घेतलेला होता.

अर्ज वकिलातीत गेला, तेथून पडताळणीसाठी त्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात. ठाण्याच्या नोंदवहीत २०१८ चा गुन्हा जसाच्या तसा. अहवाल प्रतिकूल गेला. महिनाभराने पोराला पत्र आले: आपण माहिती दडवली आहे, खुलासा करा. नवा पासपोर्ट तूर्त देता येणार नाही. भारतात परतायचे असल्यास एकवेळच्या प्रवासाचा तातडीचा दाखला मिळेल.

हा दाखला नीट समजून घ्या. तो फक्त मायदेशी येण्यासाठी असतो. एकदा उतरलात की संपला. त्यावर परत जाता येत नाही. आणि पासपोर्ट नाही म्हणजे तिकडच्या निवास परवान्याचे, इकाम्याचे, नूतनीकरण नाही. इकामा नाही म्हणजे नोकरी नाही, बँकेतून पैसे पाठवता येत नाहीत, रस्त्यात पोलिसाने अडवले तर दाखवायला काही नाही. ज्याला गावात गावकुसाबाहेर ठेवले होते, तो समुद्र ओलांडून गेला आणि तेथे एका नोंदीमुळे पुन्हा कुसाबाहेर. आखातातील एका खोलीत आठ जण राहतात, त्यातले एक-दोघे नेहमीच असे 'कागद नसलेले' असतात, असे त्याने आम्हाला फोनवर सांगितले. ते रात्रीचेच बाहेर पडतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वकिली पेशामुळे आम्ही येथे थोडे रेंगाळणार आहोत, वाचकांनी सहन करावे.

१९६७ पर्यंत या देशात पासपोर्ट देणे-न देणे ही सरकारची मर्जी होती. त्याला धड कायदाच नव्हता. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. कायद्याशिवाय तो हिरावता येणार नाही. मग सरकारने घाईघाईने त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आणला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट 'जनहितार्थ' जप्त झाला आणि कारणे देण्यास सरकारने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये याच कलमावर वाद झाला होता. 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द पुरेसे आहेत काय, की उद्या विधिमंडळ कसलाही कायदा करून माणसाला डांबील? परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके सभागृहापुढे मांडून निर्णय सभागृहावर सोपवला होता. पण ती त्रुटी त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतःच नवे कलम आणले, जे आज कलम २२ म्हणून अटक झालेल्या माणसाचे संरक्षण करते. मनेका गांधी निकालाने तीस वर्षांनी त्या वादाचे उत्तर दिले. सांगायचे एवढेच की परदेशातल्या वेल्डरच्या पासपोर्टचा प्रश्न आणि संविधान सभेतला तो वाद एकाच कलमाच्या पोटातले आहेत.

तर मग या पोराचे अडले कुठे? कायद्याच्या कलम ६(२)(फ) मध्ये. भारतातील फौजदारी न्यायालयात अर्जदाराविरुद्ध कथित गुन्ह्याची कार्यवाही प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. त्याच्या वरचेच उपकलम (इ) आहे: मागील पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल आणि ती किमान दोन वर्षांची असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. दोन्ही उपकलमे शेजारी ठेवून वाचा. रस्ता अडवल्याचा गुन्हा या पोराने न्यायालयात कबूल केला असता, शे-पाचशे रुपये दंड भरला असता, तर तो (इ) मध्ये बसत नाही आणि खटला संपल्याने (फ) मध्येही बसत नाही. त्याला पासपोर्ट मिळाला असता! मी निर्दोष आहे, खटला चालवा, असे म्हणून सहा वर्षे तारखेची वाट पाहणाऱ्याचा मात्र अडतो. तारीख न्यायालय देत नाही आणि भुर्दंड आरोपीला.

याचा अर्थ कबुली देऊन मोकळे व्हा, असा कोणी काढू नये. शिक्षेची नोंद सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आयुष्यभर आडवी येते.

दोन गोष्टी मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवाव्यात. पहिली, नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाच्याच १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनात म्हटले आहे की केवळ गुन्हा नोंदला गेला आहे किंवा तपास चालू आहे एवढ्याने ६(२)(फ) लागू होत नाही. न्यायालयाने दखल घेतलेली असली पाहिजे. ठाण्यातला हवालदार 'तुझ्यावर केस आहे, पासपोर्ट होणार नाही' म्हणतो तेव्हा त्याला हे ज्ञापन दाखवावे. दुसरी, खटला खरोखर प्रलंबित असला तरी दार बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार, सा.का.नि. ५७० (इ) हा तिचा क्रमांक, संबंधित न्यायालयाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. न्यायालय जेवढी मुदत लिहील तेवढ्या मुदतीचा. मुदत लिहिलीच नाही तर एक वर्षाचा.

हे शेवटचे वाक्य आम्हाला चांगलेच महागात पडले, ते पुढे सांगतो.

आम्ही न्यायालयात जाऊन खटल्याच्या फाइलची पाहणी केली. खटला मागे घेण्याचा अर्जच फाइलमध्ये नव्हता. येथे पुष्कळ लोकांचा गैरसमज होतो. मंत्र्याने सभागृहात घोषणा केली, शासनाने निर्णय काढला, म्हणजे खटला संपला असे होत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतील कलम ३६०, असे आहे की सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची. ती संमती मिळेपर्यंत खटला जिवंत. आमच्या प्रकरणात शासनाचे पत्र सरकारी वकिलांच्या दप्तरात येऊन पडले होते. पुढे अर्ज झालाच नव्हता. कोणी मुद्दाम दाबला असे आम्ही म्हणणार नाही. ते पत्र कोणाच्या गरजेचे नव्हते, एवढेच. ज्यांच्या गरजेचे होते त्यांना ते आले आहे हेच ठाऊक नव्हते!

वेळ कमी होता. जुन्या वकील मित्राचे वकीलपत्र कायम असल्याने आम्ही त्यांच्यासोबत उभे राहिलो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज दिला की आरोपी कामानिमित्त परदेशात आहे, तारखांना वकील हजर राहतात, कलमे जामीनपात्र आहेत, पासपोर्ट नूतनीकरणास हरकत नसावी. तिकडे वकिलातीला खुलासा पाठवला. त्यात दडवादडवी केली नाही. खटला आहे हे सरळ कबूल केले, मागे घेतल्याच्या बातमीवरून समज झाला होता हे सांगितले, बातमीचे कात्रण आणि तिचे इंग्रजी भाषांतर जोडले. खोटी माहिती देणे हा कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पण कायद्यात शब्द 'जाणूनबुजून' असा आहे, यावर आम्ही भर दिला. आमचा अनुभव असा की प्रामाणिक खुलाशाने जे काम होते ते दुसरे खोटे बोलून कधीच होत नाही.

सप्टेंबरमध्ये आदेश झाला. दोन ओळींचा. अर्ज मंजूर, पासपोर्ट नूतनीकरणास न्यायालयाची हरकत नाही. माय आदेशाची नक्कल कपाळाला लावून गेली. आम्हीही समाधानाने चहा घेतला. मुदतीचा शब्द आदेशात नव्हता. आदेशात नव्हता, कारण आमच्या अर्जाच्या विनंतीतच नव्हता! वीस वर्षांच्या वकिलीनंतर आमच्या हातून ही चूक झाली. ऑक्टोबरमध्ये पोराला नवा पासपोर्ट मिळाला, मुदत फक्त एक वर्ष. वर्षाच्या पासपोर्टवर कंपनी नवा करार करीना. फोनवर पोराने आम्हाला दोष दिला नाही. "सर, वर्षभर तरी झालं," एवढेच म्हणाला. त्या वाक्याने आम्हाला अधिक लागले. तेव्हापासून आमच्या कार्यालयातून जाणाऱ्या अशा प्रत्येक अर्जात 'पूर्ण दहा वर्षांच्या मुदतीसाठी' हे शब्द ठळक असतात. वाचकांपैकी कोणाचा मुलगा या फेऱ्यात असेल तर आपल्या वकिलाला हे शब्द घालायला सांगा, वकील कितीही मोठा असो.

हे सगळे चालू असताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पोराच्या जुन्या पासपोर्टवर 'उत्प्रवासन (एमिग्रेशन) तपासणी आवश्यक' हा शिक्का होता, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ईसीआर म्हणतात. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार मुख्यतः जे दहावी पास नाहीत त्यांच्यावर हा शिक्का पडतो. असा माणूस आखातासह ठराविक १८ देशांत कामाला निघाला की त्याला सरकारची वेगळी मंजुरी लागते. उद्देश फसवणुकीपासून संरक्षणाचा आहे, हे मान्य. पण दहावीच्या आत शाळा कोणाची सुटते? ज्याच्या आईबापाला ऊसतोडीला जाताना लेकराला सोबत न्यावे लागते त्याची. म्हणजे शाळा सुटल्याची शिक्षा दुसऱ्यांदा विमानतळावर. आणि गंमत पहा, ज्या जानेवारी २०१८ मध्ये हा पोरगा चौकात बसला होता त्याच महिन्यात परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले की शिक्कावाल्यांचा पासपोर्ट निळा नव्हे, नारिंगी रंगाचा करायचा! दुरूनच ओळखू यावा म्हणून! ज्या देशात माणसाच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून त्याची ओळख दुरून पटवली जात होती, त्या देशात हे सुचावे यात नवल नाही. केरळसह देशभर ओरड झाली आणि ३० जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयाने तो निर्णय मागे घेतला. रंग वाचला, शिक्का राहिला. परदेशात एकूण तीन वर्षांहून अधिक काळ काढलेल्या माणसाला नूतनीकरणाच्या वेळी हा शिक्काही काढून घेता येतो. हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. आमच्या पक्षकाराची पाच वर्षे होऊन गेली होती. दुसऱ्या खेपेला आम्ही तेही मागून घेतले.

नावाचाही घोळ येथे थोडक्यात सांगून टाकतो. धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी जुनी, हिणकस वाटणारी आडनावे टाकली. आजोबांचे एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास आहे. काहींच्या पासपोर्टवर तर आडनावाचा रकाना कोराच आहे. गावात चालते. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन व भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, तेव्हा विमानतळावरून लोक परत आले. नाव बदलले असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या आणि ती देशात असतानाच करा. बाहेरून ते काम जिकिरीचे होते.

बाबासाहेबांनी आपल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर १९३५-३६ च्या सुमारास जे लेखन केले, ते पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात पासपोर्ट कचेरीचा प्रसंग एकही नाही. त्यात आहे ती १९१७ साली अमेरिका, इंग्लंडहून शिकून आलेल्या विद्वानाला बडोद्यात राहायला जागा न मिळाल्याची हकीगत. परदेशात विसरून गेलेली अस्पृश्यता स्वदेशात पाऊल ठेवताच परत भेटली. आमच्या पक्षकाराच्या बाबतीत ती स्वदेशातून निघून, पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतून, पडताळणी अहवालाच्या पाकिटात बसून परदेशात गेली, एवढाच फरक. बंदच्या दिवशी चौकात बसणे हा गुन्हा नव्हता, आपल्या माणसांवरच्या हल्ल्याचा निषेध होता. पण नोंदवहीला निषेधाचा रकाना नसतो.

पुढची हकीगत. सरकारी वकिलांच्या कार्यालयात आम्ही शासनाच्या पत्राची प्रत घेऊन खेटे घातले. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकला. त्याचा परिणाम झाला असावा, कारण उत्तर येण्याआधीच खटला मागे घेण्याचा अर्ज न्यायालयात दाखल झाला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने संमती दिली आणि अकराही जण सुटले. आम्ही त्याच दिवशी नक्कलेचा अर्ज दिला. नक्कल मिळताच एक प्रत पोलीस ठाण्यात, एक पोलीस अधीक्षक कार्यालयातील पासपोर्ट शाखेत, दोन्हीकडे पोच घेऊन दिली. हे काम कोणी विसरू नये. खटला संपला तरी नोंदवहीतली ओळ आपोआप पुसली जात नाही. ती पुसण्यासाठी कोणीतरी कागद नेऊन द्यावा लागतो आणि पोच सांभाळून ठेवावी लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये पोराला दहा वर्षांचा पासपोर्ट मिळाला, शिक्का नसलेला. फी दुसऱ्यांदा भरावी लागली. इकाम्यावर नव्या पासपोर्टचा क्रमांक चढवून घ्यायला आणखी पंधरा दिवस. माय पेढे घेऊन आली. या वेळी न सांगता खुर्चीवर बसली.

त्या अकरा जणांपैकी दोघांनी या काळात पोलीस भरतीचे वय ओलांडले. एकाने २०२१ मध्ये पासपोर्टचा अर्ज करून, ठाण्यात 'केस आहे' ऐकून, नाद सोडून दिला होता. खटला संपल्याचे आम्हीच त्याला फोनवर कळवले. तो आता तालुक्याला रिक्षा चालवतो. पुढच्या सोमवारी कागद घेऊन येतो म्हणाला आहे.